मोबाइलवरची फार्माकॉलॉजी

भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्रपद्धतीवर आणला, तेव्हा फार्माकॉलॉजीच्या वाट्याला एकूण ८० तास आले. तिसऱ्या सत्रात २०, चौथ्या सत्रात ६०. केंद्र सरकारच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ३८४ औषधे आहेत. नुसती ही यादी धरली तरी एका औषधाला साडेबारा मिनिटे मिळतात. औषध शरीरात काय करते, कोणत्या मार्गाने आणि किती द्यायचे, कोणाला द्यायचे नाही, दिल्यावर कशावर नजर ठेवायची, हे सगळे तेवढ्यात बसवायचे. ते बसत नाही, हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणून उरलेला विषय मुली मोबाइलवर शिकतात. इंदूरपासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या हातोदसारख्या गावातून रोज शहरातल्या कॉलेजात ये-जा करणाऱ्या मुलीचा बराच वेळ रस्त्यातच जातो. तिच्यासाठी तर रात्री हाताशी असलेला फोन हाच दुसरा वर्ग असतो. तो वर्ग चांगला की वाईट, हा वाद आता जुना झाला. खरा प्रश्न असा आहे, की या विषयातला कोणता भाग पडद्यावर नीट शिकता येतो आणि कोणता पडदा शिकवूच शकत नाही. माझे म्हणणे असे, की परिचारिकेची फार्माकॉलॉजी औषधाच्या कार्यापाशी नव्हे, मात्रेपाशी आणि लेबलापाशी सुरू होते. ऑनलाइन अभ्यासाची घडणच अशी आहे, की नेमकी तीच जागा त्यात सुटते. ती भरून काढता येते, पण त्यासाठी अभ्यासाची रीत बदलावी लागते.

आधी ऑनलाइनच्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तो भक्कम आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली आरोग्यक्षेत्रातल्या इंटरनेटवरच्या शिक्षणाचे दोनशेच्या वर अभ्यास एकत्र तपासले. काहीच न शिकवण्याच्या तुलनेत ऑनलाइन शिक्षणाचा फायदा मोठा दिसला. वर्गातल्या शिकवण्याशी तुलना केली तेव्हा मात्र सरासरी फरक जवळजवळ उरला नाही. कुठे हे सरस, कुठे ते. म्हणजे माध्यमाने फारसे बिघडत नाही आणि फारसे सुधारतही नाही. फरक पडतो तो त्या माध्यमात शिकणारी काय करते यामुळे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६चा प्रयोग इथे फार बोलका आहे. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के मजकूर राहिला होता, आठवणाऱ्यांच्या ६१ टक्के. व्हिडिओ पाहणे हे वाचण्याच्याही पलीकडचे निष्क्रिय काम आहे. शिकवणारा हुशार असेल, चित्रे सुरेख हलत असतील, तर पाहणारीला सगळे कळल्यासारखे वाटते, आणि ते खोटेही नसते. बीटा ब्लॉकर हृदयाची गती का कमी करतो हे तिला त्या क्षणी खरोखरच कळलेले असते. आठवड्याने नाडी ५४ असलेल्या रुग्णापुढे मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरची गोळी घेऊन उभी राहिल्यावर ते आठवेल की नाही, हे मात्र पाहण्यावर अवलंबून नसते.

तरीही आठवणे हा प्रश्नाचा सोपा भाग झाला. अवघड भाग मात्रेचा आहे, आणि इन्सुलिन हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच व्हायल एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीच्या मिळतात; पेनमधली कार्ट्रिज मात्र १०० युनिटची असतात, आणि काही व्हायलही. दोन्हींसाठी सिरिंजही वेगवेगळ्या. चाळीसच्या सिरिंजचे टोपण सहसा लाल, शंभरच्या सिरिंजचे नारिंगी. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आहेत असे समजू. चाळीसची व्हायल आणि चाळीसची सिरिंज असेल, तर विसाच्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरतो, आणि तेच बरोबर. तीच व्हायल शंभरच्या सिरिंजने ओढली, तर विसाच्या रेघेपर्यंत ०.२ मिलिलिटरच येतो. रुग्णाला मिळाले ८ युनिट, साखर उतरत नाही, आणि डोस अपुरा वाटून दुसऱ्या दिवशी तो वाढवला जातो. उलट झाले, शंभरची व्हायल चाळीसच्या सिरिंजने ओढली, तर विसाच्या रेघेपर्यंत तब्बल ५० युनिट जातात आणि तासाभरात रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्धीकडे झुकू शकतो. दोन्ही वेळा परिचारिकेने रेघ बरोबर वाचली आहे. इन्सुलिन पेशीत ग्लुकोज कसे नेते हेही तिला पाठ असेल. चुकले ते फक्त बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहणे. इंग्रजीतले सर्वांत गाजलेले नर्सिंगचे व्हिडिओ अमेरिकी परवाना परीक्षेसाठी बनवलेले असतात, आणि तिथे नेहमीचे इन्सुलिन १०० युनिटचे. त्यामुळे चाळीसचा प्रश्न त्यांत येतच नाही. शिकवणाऱ्याने काही चुकीचे सांगितलेले नाही. त्याच्या कपाटात ती बाटलीच नाही.

ही परक्या कपाटाची अडचण एका इन्सुलिनपुरती नाही. त्या व्हिडिओंत ॲसिटामिनोफेन म्हणतात ते आपले पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे ॲड्रिनलिन, मेपेरिडिन म्हणजे पेथिडिन. ही नावे पाठ करून घेता येतात. आकडे मात्र दगा देतात. सलाइनच्या ज्या सेटने आपल्याकडे मोठ्यांना ड्रिप लावतात त्याचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. अमेरिकेत १० आणि १५ थेंबांचे सेटही वापरात आहेत, आणि तिकडच्या गणितांत पंधराचा आकडा वारंवार भेटतो. अर्ध्या लिटरची बाटली चार तासांत द्यायची तर पंधराच्या हिशेबाने मिनिटाला ३१ थेंब येतात. वीसच्या सेटवर ३१ थेंब लावले तर बाटली संपायला पाच तास वीस मिनिटे लागतात. बरोबर आकडा ४२. डिहायड्रेशन झालेल्या माणसाला हा एक तास वीस मिनिटांचा उशीर महागात पडू शकतो. सूत्र दोन्हीकडे एकच आहे, म्हणून सूत्र येणे पुरेसे नाही; सेटच्या पाकिटावर छापलेला थेंबांचा आकडा वाचून सूत्रात घालायची सवय हवी. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचेही असेच. बाटल्यांवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, तर ड्रॉप्समध्ये १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असे वेगवेगळे आकडे असतात. बारा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम म्हणजे १८० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर पहिल्या सिरपचे ७.२ मिलिलिटर होतात. तेवढेच ड्रॉप्स दिले तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाते.

आता हातोदसारख्या गावचे सरकारी आरोग्य केंद्र डोळ्यांपुढे आणू. बाळंतपणाला आलेल्या बाईचा रक्तदाब फार चढला आहे आणि तिला झटके येऊ लागले आहेत. तिला इंदूरला पाठवायचे आहे. पण पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा, असे केंद्र सरकारच्या प्रसूतिसेवेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि तो देण्याची मुभा एएनएमलाही आहे. या औषधाची उपयुक्तता वादातीत आहे. ३३ देशांतल्या १०,१४१ स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत प्री-एक्लॅम्प्सिया असलेल्या स्त्रियांना झटके येण्याचा धोका या औषधाने ५८ टक्क्यांनी घटला. डोस पाठ करायला सोपा आहे : ५ ग्रॅम एका कुल्ल्यात, ५ ग्रॅम दुसऱ्या कुल्ल्यात, स्नायूत खोल. टेबलावरच्या अँप्युलवर मात्र ग्रॅम ठळक लिहिलेले नसतात. तिथे असते ‘५० टक्के, २ मिलिलिटर’. पन्नास टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम. तेव्हा एका बाजूला पाच अँप्युल, दुसऱ्या बाजूला पाच. दहा अँप्युल फोडायच्या आणि दर बाजूला १० मिलिलिटर द्यायचे. एका जागी १० मिलिलिटर इंजेक्शन देणे कोणालाही पहिल्यांदा अति वाटते. ज्या मुलीने हे गणित फक्त पडद्यावर सुटताना पाहिले आहे, तिचा हात दोन-तीन अँप्युलनंतर थांबतो. ज्या मुलीने रिकाम्या अँप्युल समोर मांडून हा हिशेब अनेकदा स्वतः केला आहे, तिचा थांबत नाही. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहायची, श्वास मिनिटाला १६ तरी हवेत, लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर हवी, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवे. हा भाग मात्र चांगल्या व्हिडिओतून उत्तम शिकता येतो. मॅग्नेशियम स्नायूंना शिथिल करते हे एकदा समजले, की गुडघा का ठोकून पाहायचा, श्वास का मोजायचा, हे पाठ करावे लागत नाही. ते आपोआप सुचते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की औषध लिहितात डॉक्टर, देते फार्मसी, आणि हिशेबाला मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे; परिचारिकेवर एवढा भार कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मात्रेची जबाबदारी एकट्या सिस्टरची नसते, आणि दवाखान्याची व्यवस्था नीट असेल तर पुष्कळशा चुका तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच अडतात. पण जी चूक अडत नाही ती शेवटी तिच्याच हातात येते, आणि तिच्यापुढे फक्त रुग्ण असतो. केनेथ बार्कर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या ३६ आरोग्यसंस्थांत औषधे देताना प्रत्यक्ष शेजारी उभे राहून निरीक्षण केले, तेव्हा १९ टक्के डोसांत काही ना काही चूक आढळली. त्यांतल्या बऱ्याच वेळेच्या होत्या, पण राहून गेलेले आणि चुकीच्या मात्रेचे डोसही थोडे नव्हते. सिडनीतल्या रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक यांनी २०१० साली दाखवले, की औषध देत असताना परिचारिकेला मध्येच कोणी बोलावले, विचारले, तर दर व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी वाढते. कॅल्क्युलेटरच्या मुद्द्याचे उत्तर इथेच मिळते. यंत्र भागाकार करते. १५ घालायचे की २०, ४० की १००, हे त्याला ठाऊक नसते. आणि उत्तर दहापट आले तर ते खटकण्यासाठी साधारण किती यायला हवे याचा अंदाज डोक्यात आधीपासून असावा लागतो. नातेवाईक हाक मारत असताना, शेजारच्या खाटेची सलाइन संपत आलेली असताना टिकतो तो हाच अंदाज. २०२१च्या अभ्यासक्रमात औषधे लिहून देण्याच्या मूलतत्त्वांचा भागही चौथ्या सत्राच्या फार्माकॉलॉजीत घातला आहे, म्हणजे नर्सिंग परिषदेलाही परिचारिकेकडून निव्वळ हुकमाची अंमलबजावणी अपेक्षित नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो : मग हे ऑनलाइन सोडा, वॉर्डात उभे राहा, तिथे सगळे येते. वॉर्डाचे महत्त्व मीही मानते. पण वॉर्ड आपोआप शिकवत नाही. घाईच्या सकाळी स्टाफ सिस्टर औषध भरते, विद्यार्थिनी शेजारून पाहते, आणि ‘का’ विचारायला कोणालाच सवड नसते. तेही पाहणेच झाले, फक्त पडद्याशिवाय. शिवाय मध्य प्रदेशात वॉर्ड मिळेल हे गृहीत धरता येत नाही, हे गेल्या काही वर्षांत सगळ्यांसमोर आले आहे. नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेतल्या गैरप्रकारांवर उच्च न्यायालयात याचिका झाली आणि न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने ३०८ कॉलेजांची तपासणी केली. पहिल्या अहवालात १६९ योग्य ठरली, ६५ अयोग्य, आणि उरलेल्यांत कमतरता निघाल्या. मग २०२४च्या मे महिन्यात तपासातल्याच अधिकाऱ्यांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली आणि फेरतपासणीची वेळ आली. या काळात परीक्षा रखडल्या आणि कित्येक मुलींची वर्षे अडकून पडली. ज्या कॉलेजला पुरेशा खाटांचे रुग्णालयच नाही, तिथल्या मुलीला ‘वॉर्डात शीक’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? तिने फोनवर विषय धरून ठेवला, हे तिच्या शहाणपणाचेच लक्षण आहे. मात्र तेवढ्यावरून फोनने कॉलेजची जागा घ्यावी असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, आणि तो काढू पाहणारे आहेत. ज्यांनी शिकवायचे, ज्यांनी रुग्णालय उभे करायचे, त्यांनी मुलींना लिंक पाठवून मोकळे व्हावे, हे मला मान्य होण्यासारखे नाही. ऑनलाइन व्याख्यान वर्गाच्या बरोबरीचे ठरले ते वर्ग आणि व्याख्यान यांच्या तुलनेत. ती इंजेक्शनच्या टेबलाशी केलेली तुलना नव्हती.

औषध देऊन झाल्यावर काय, हाही फार्माकॉलॉजीचाच भाग आहे, आणि तो भाषेवर येऊन ठेपतो. मध्य प्रदेश सरकारने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली, त्यावर पुष्कळ चर्चा झाली. नर्सिंगच्या मुलीची परिस्थिती त्याहून गुंतागुंतीची आहे. इंदुरात होळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत. अशा घरातली मुलगी औषधाचे नाव इंग्रजीत वाचते, व्याख्यान हिंदीत ऐकते, आईशी मराठीत बोलते आणि हातोदच्या बाईला मात्र माळवी वळणाच्या हिंदीत समजावते. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी नारिंगी होते ही ओळ तिने परीक्षेत लिहिलेली असते. टीबीच्या रुग्णाला पहिली गोळी देतानाच ‘लघवी लालसर होईल, घाबरू नका, गोळ्या थांबवू नका’ हे त्याच्या बोलीत सांगितले नाही, तर तो रक्त जाते आहे असे समजून औषध सोडतो, आणि ते ज्ञान वाया जाते. म्हणून घरी अभ्यास करताना प्रत्येक औषधापुढे रुग्णाला सांगायचे वाक्य मोठ्याने बोलून पाहणे, हा मला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी केला जाणारा सराव वाटतो. ऐकणेही तितकेच मोलाचे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले दगावली. अनेकांवर नागपूरला उपचार चालले होते. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. बाटली पाहून हे कोणत्याही परिचारिकेला ओळखता आले नसते. पण या विषाने मूत्रपिंडे निकामी होतात आणि आधी लघवी कमी होते. ‘पोराने सकाळपासून शू केली नाही’ हे आईचे वाक्य ऐकल्यावर ‘कोणते औषध दिले होते?’ हा प्रश्न ज्या सिस्टरला सुचतो, तिला फार्माकॉलॉजी आली. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा भारतीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतो आणि परिचारिकाही तिथे थेट कळवू शकतात. हे अभ्यासक्रमात असते, पण फॉर्म भरून पाहिलेली विद्यार्थिनी क्वचितच भेटते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. अँप्युल, सिरिंज, सेट, हे सगळे प्रत्येक मुलीपुढे कुठून आणायचे? इथे खर्च जवळजवळ नाहीच. सलाइन सेटचे रिकामे पाकीट, औषधाच्या घडीतला माहितीचा कागद, बाहेरचा खोका, व्हायलवरच्या लेबलाचा फोटो, हे कोणत्याही रुग्णालयात रोज कचऱ्यात जाते किंवा फुकट मिळते. सुया आणि फुटक्या काचा घरी न्यायच्या नाहीत, एवढे पथ्य मात्र कडक पाळायला हवे. व्हिडिओ थांबवून, त्यातले उत्तर येण्याआधी, आपल्या लेबलावरचा आकडा घालून गणित कागदावर सोडवायचे. दोन दिवसांनी तेच औषध न बघता पुन्हा. सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणारी औषधे मूळ नावाने येतात, म्हणून अभ्यासही ब्रँडऐवजी मूळ नावाने आणि अत्यावश्यक यादीच्या क्रमाने केला तर वॉर्डातल्या कपाटाशी जुळतो. परीक्षाही बदलता येईल. आज पेपरात इन्सुलिनचे प्रकार लिहायला सांगतात आणि मुली ते सुंदर तक्त्यात लिहितात. त्याऐवजी प्रात्यक्षिकाच्या टेबलावर दोन ताकदींच्या रिकाम्या व्हायल, दोन रंगांच्या टोपणांच्या सिरिंज आणि २० युनिटचा लेखी आदेश ठेवावा. मुलीने योग्य जोडी उचलावी, पाणी रेघेपर्यंत भरावे, आणि दुसरी जोडी का नाकारली ते परीक्षकाला एका वाक्यात सांगावे. एका विद्यार्थिनीला दोन मिनिटे लागतील, आणि त्यासाठी लागणारे सामान कोणत्याही नर्सिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजच असायला हवे.